मानेतील पापुद्रे आणि न पिकणारे गळू

मानेइतकी दाटीची जागा मानवी शरीरात क्वचितच दुसरी असेल. डोके आणि धड यांना जोडणाऱ्या या वीतभर खांबातून श्वास खाली जातो, घास खाली जातो, मेंदूकडे रक्त चढते, तेथून परतीचे रक्त उतरते आणि मेंदूचे निरोप मज्जारज्जूच्या वाटेने हातापायांपर्यंत पोहोचतात. शिवाय लाळेच्या ग्रंथी आहेत, थायरॉइड आहे, स्वरयंत्र आहे, आणि हा सारा पसारा तोलून धरणारे सात मणके आहेत. एवढी वाहतूक एवढ्या अरुंद गल्लीतून चालत असूनही मान डावीउजवीकडे वळवताना काही पिळवटत नाही, घास गिळताना काही अडखळत नाही. ही शिस्त राखण्याचे काम काही पांढरट, पातळ, चिवट पापुद्रे करीत असतात. वैद्यकात त्यांना फॅशिया म्हणतात. मराठी परिभाषेत प्रावरणी.

संत्रे सोलताना आपण हीच रचना हातात धरलेली असते. वरची जाड साल काढली की आत प्रत्येक फोड आपापल्या पापुद्र्यात गुंडाळलेली दिसते. पापुद्रा शाबूत असेतो एका फोडीचा रस दुसरीत जात नाही, आणि दोन फोडींच्या मधून बोट घातले तर ते अलगद खालपर्यंत सरकते. मानेतील प्रावरणीचे महत्त्व या दोन गोष्टींतच आहे. ती कप्पे करते, आणि कप्प्यांच्या मधे वाटाही ठेवते. निरोगी माणसाला याची जाणीवही नसते. पण मानेत कोठे पू झाला, की तो कोठे कोंडला जाईल आणि कोणत्या वाटेने उतरेल, हे या पापुद्र्यांवरच ठरते. घरात मधुमेही, दातांनी गांजलेली किंवा अंथरुणाला खिळलेली वडीलधारी व्यक्ती असेल तर हा विषय शरीरशास्त्राच्या पुस्तकापुरता राहत नाही.

या पापुद्र्यांकडे शल्यचिकित्सकांचे लक्ष वेधले ते ग्लासगोच्या ॲलन बर्न्स यांनी. डोके व मान यांच्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने लिहिलेला त्यांचा शरीररचनेवरील ग्रंथ १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनशे वर्षे शरीरशास्त्रज्ञ या थरांच्या संख्येवरून आणि नावांवरून वाद घालीत आले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही विद्यार्थीही या प्रकरणाला घाबरत असू. घरच्या माणसाला मात्र खोल प्रावरणीचे तीन थर आणि एक गवसणी एवढे समजले तरी पुरे.

पहिला थर सर्वांत बाहेरचा. कातडी, तिच्याखालची चरबी आणि एक पातळ स्नायू यांच्या आत तो संपूर्ण मानेला बंद गळ्याच्या कॉलरसारखा वेढून असतो. वर तो जबड्याच्या हाडाला आणि कवटीच्या तळाला, खाली गळ्याच्या हाडांना व छातीच्या मधल्या हाडाला घट्ट चिकटलेला असतो. वाटेत तो दुपदरी होऊन मानेच्या बाजूचा आणि पाठीमागचा मोठा स्नायू पोटात घेतो. त्याचप्रमाणे कानाखालची आणि जबड्याखालची लाळग्रंथीही. दुसरा थर मानेच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेसमोर असतो. थायरॉइड, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांना तो एकत्र बांधतो व खाली छातीत उतरून हृदयाच्या आवरणापर्यंत जातो. गळ्याला गाठ आली की डॉक्टर पाण्याचा घोट गिळायला सांगून गाठ वर सरकते का ते पाहतात, त्याचे कारण हाच थर. थायरॉइड त्याने स्वरयंत्राशी बांधलेली असल्यामुळे गिळताना ती सोबत वर जाते. इतर बहुतेक गाठी जागच्या हलत नाहीत. कोणतेही यंत्र न लागणाऱ्या तपासण्यांपैकी ही मला आजही फार आवडते.

तिसरा थर सर्वांत खोल, मणक्यांना आणि त्यांना लागून असलेल्या स्नायूंना झाकणारा. त्याचा एक फाटा हाताकडे जाणाऱ्या नसांना व धमनीला लपेटून काखेपर्यंत जातो. या तिन्ही थरांच्या सान्निध्यात दोन्ही बाजूंना एकेक गवसणी आहे. तानपुऱ्याला घालावी तशी ही गवसणी मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, मेंदूकडून येणारी मोठी नीला आणि व्हेगस ही महत्त्वाची नस यांना एकत्र सांभाळते. घसा आणि मणके यांच्या मधे, पापुद्र्यांच्या पदरांत, सहज उलगडणाऱ्या फटी आहेत. त्यांतील एक फट कवटीच्या तळापासून थेट छातीतून श्वासपटलापर्यंत उतरते. ग्रॉडिन्स्की आणि होलियोक या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये तिचे वर्णन केले. तिचे नावच ‘धोक्याची जागा’ असे पडले आहे. तिच्यात आडवा बांध कोठेच नाही. वर शिरलेला पू हृदयाच्या मागेपर्यंत पोहोचू शकतो.

आता गळवाकडे वळू. आपल्या घरांत गळवाविषयी पिढ्यान्‌पिढ्यांचे एक शहाणपण आहे. गळू पिकू द्यावे, पोटीस बांधावे, तोंड पडले की पू निघून जातो आणि माणूस मोकळा होतो. मांडीवरच्या किंवा पाठीवरच्या गळवाच्या बाबतीत हे पुष्कळदा खरेही ठरते, कारण तेथे पू कातडीलगत असतो आणि त्याला बाहेरची वाट सर्वांत सोपी असते. मानेत खोलवर झालेल्या गळवाला हा नियम लागू पडत नाही. त्याच्यावर पहिल्या थराचे चिवट झाकण असते. पू वाढतो, पण झाकण ताणत नाही. त्यामुळे वरची कातडी पुष्कळ वेळ लाल होत नाही, बोटाला मऊ लागत नाही, तोंड पडत नाही. जबड्याखाली नुसती ताठ, दगडासारखी सूज दिसते. घरची माणसे म्हणतात, अजून पिकले नाही, दोन दिवस थांबू. त्या दोन दिवसांत पू सोप्या वाटेने, म्हणजे आत आणि खाली, सरकत असतो.

याचे सर्वांत भयंकर रूप १८३६ मध्ये जर्मनीतील वुर्टेंबर्गच्या विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग या वैद्यांनी वर्णिले. त्यांच्या नावावरून त्याला लुडविगचा अँजायना म्हणतात. अँजायना म्हटले की आपल्याला छातीतली कळ आठवते, पण मूळ लॅटिन शब्दाच्या मागे गळा आवळला जाण्याची कल्पना आहे आणि येथे ती अक्षरशः खरी ठरते. जिभेच्या खाली, तोंडाच्या तळाशी एक स्नायू झोळीसारखा पसरलेला असतो. त्याच्या वर एक कप्पा, खाली एक कप्पा, आणि झोळीच्या मागच्या काठावरून दोन्ही एकमेकांना जोडलेले. या कप्प्यांत दोन्ही बाजूंनी दाह पसरला की सूज खाली फुगू शकत नाही, कारण खाली प्रावरणीचे झाकण आहे. पुढेही जाऊ शकत नाही, कारण जबड्याचे हाड आहे. उरते फक्त वरची आणि मागची दिशा. जीभ उचलली जाते, मागे ढकलली जाते, आणि तिच्या मागेच श्वासाचा दरवाजा असतो.

ही आग बहुधा दाताच्या मुळाशी लागते. खालच्या जबड्याची दुसरी दाढ आणि अक्कलदाढ यांची मुळे त्या झोळीच्या पातळीच्याही खाली उतरलेली असतात, आणि तेथे जबड्याचे हाड जिभेच्या बाजूने पातळ असते. किडलेल्या दाढेच्या मुळाशी झालेला पू ते पातळ हाड पोखरून थेट जबड्याखालच्या कप्प्यात उतरतो. म्हणून हिरडी फारशी सुजलेली नसताना मानच सुजलेली दिसते. एक विचित्र गोष्ट मी अनेकांकडून ऐकली आहे. दाढ आठ दिवस ठणकत होती, मग एकाएकी ठणका कमी झाला, बरे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी जबड्याखाली सूज आली. दाढेचा ताण कमी झाला, कारण पू हाडातून बाहेर पडला होता.

काही वर्षांपूर्वी ६७ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांची सून माझ्याकडे घेऊन आली. ‘‘डॉक्टर, बाबा दोन दिवस जेवत नाहीत, दाढ दुखते म्हणतात. ताप नाही,’’ एवढीच तिची तक्रार. वीस वर्षांचा मधुमेह. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू. जबड्याखाली हळदीचा लेप होता आणि वरून मफलर गुंडाळलेला. ते खुर्चीच्या काठावर पुढे झुकून बसले होते, हातात रुमाल होता आणि तो लाळेने ओला झाला होता. मी ‘‘काय होतंय?’’ असे विचारल्यावर आलेले उत्तर तोंडात गरम बटाटा धरून बोलावे तसे होते. तोंड जेमतेम एक बोट उघडत होते. जीभ वर आलेली, हनुवटीखालचा भाग लाकडासारखा. थर्मामीटर ९९ दाखवीत होता, साखर मात्र चारशेच्या पुढे. दवाखान्यातील वेळ मी इंजेक्शन देण्यात घालवला नाही. ज्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ दोघे हजर आहेत, तेथे फोन करून त्यांना बसल्या स्थितीतच पाठवले. रात्री मानेच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेत नळी घालावी लागली, पू काढला, दाढ काढली. ते वाचले. तीन आठवड्यांनी आले तेव्हा आवाज घोगरा होता, पण वर्गात दरडावण्याची धाटणी शाबूत होती.

त्या सुनेने ताप नाही हे समाधानाने सांगितले होते, आणि वृद्धांच्या बाबतीत घात होतो तो याच समाधानाने. उतारवयात, विशेषतः मधुमेहात, शरीर पुरेसा ताप चढवतेच असे नाही. वेदनाशामक गोळ्या असलेला तापही उतरवून ठेवतात. अशा वेळी घरच्या ग्लुकोमीटरवर एरवी आटोक्यात असलेली साखर कारण नसताना चढलेली दिसली, तर शरीरात कोठेतरी जंतुसंसर्ग धुमसतो आहे असे समजण्यास हरकत नाही. काही वृद्ध एवढे गोंधळलेले आणि सुस्त होतात की कुटुंबाला पक्षाघाताची शंका येते. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती तर दाढ दुखते हे सांगूच शकत नाही. ती जेवण नाकारते, हात गालाकडे नेते, कवळी बसवू देत नाही. कवळी लावणाऱ्यांच्या तोंडात किडलेली खुंटे राहून गेलेली असतात, ती वरून झाकली जातात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘‘त्यांना दातच नाहीत’’ असे सांगितले गेले तरी मी टॉर्च घेऊन पाहतोच.

मानेला किंवा जबड्याखाली सूज असताना पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी सकाळची वाट पाहू नये. तोंड दोन बोटेही उघडत नाही. थुंकी गिळवत नाही, लाळ गळते. आवाज बदलला, बोबडा किंवा घोगरा झाला. आडवे झाल्यावर घुसमटते म्हणून माणूस बसूनच राहतो. श्वास घेताना आवाज येतो. मान ताठ झाली, वळवताना कळ येते. गिळताना छातीत किंवा पाठीत दुखू लागले. सूज एका बाजूची दोन्ही बाजूंना आली किंवा काही तासांत गळ्याच्या हाडाकडे उतरली. मानेवरची कातडी जांभळट झाली किंवा दाबल्यावर कुरकुरू लागली. या शेवटच्या प्रकारात प्रावरणीचाच नाश होत असतो आणि तो आजार फार वेगाने पसरतो.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत करण्यासारखे थोडेच आहे, पण ते नीट केले पाहिजे. रुग्णाला आडवे करू नका. ज्या स्थितीत त्यांना श्वास सोपा वाटतो, बहुधा पुढे झुकून बसलेल्या, त्याच स्थितीत न्या. कवळी काढून डबीत ठेवा आणि डबी सोबत घ्या. लाळ गळत असेल तर पाणी, औषध, काढा काहीही पाजू नका. घशात काय आहे हे पाहण्यासाठी चमच्याने जीभ दाबू नका. सुजलेला भाग चोळू नका, शेकू नका, तेथे चुना किंवा लेप लावू नका. लेपाखाली कातडीचा रंग झाकला जातो, आणि आम्हांला तोच पाहायचा असतो. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या देऊन पाहू, हा विचार सर्वांत महागात पडतो. कोंडलेल्या पुवापर्यंत गोळीचा अंश पुरेसा पोहोचत नाही आणि खुणा मात्र पुसट होतात. मधुमेहाच्या औषधांबाबत एक पेच असतो. जेवण बंद असताना नेहमीच्या गोळ्या घेतल्या तर साखर धोकादायक उतरू शकते, आणि इन्सुलिन पूर्ण बंद केले तर भडकू शकते. म्हणून दर तीन-चार तासांनी साखर मोजून कागदावर लिहा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्या वाक्यातच सांगा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. श्वासाचा त्रास असेल तर रिक्षेपेक्षा ती बरी, कारण तिच्यात प्राणवायू असतो.

रुग्णालयात प्रथम श्वासमार्गाची सोय पाहिली जाते, मग शिरेतून प्रतिजैविके चालू होतात. दाह किती खोल गेला हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी शिरेत औषध टोचून मानेचा व छातीचा सीटी स्कॅन करतात. छातीचा कशाला, असे नातेवाईक विचारतात. वर सांगितलेली उभी फट आठवली की उत्तर मिळते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते औषध टोचण्यापूर्वी सांगावे. पू असेल तर शस्त्रक्रिया करून कप्पा उघडावा लागतो, आणि मूळ दाढ काढावी लागते. नाहीतर आगीचा निखारा तसाच राहतो. त्यानंतर जखम शिवून बंद केलेली नसते, तिच्यातून रबरी नळी बाहेर आलेली असते. ते पाहून अनेक कुटुंबांना वाटते की काम अर्धवट टाकले. पापुद्र्यांचा कप्पा वरून मिटला की आत पू पुन्हा साचेल, म्हणून तो तळापासून भरून येईपर्यंत मुद्दाम उघडा ठेवलेला असतो. पट्टी रोज भिजणे ही पहिल्या काही दिवसांत चांगली गोष्ट आहे. ती एकाएकी कोरडी झाली आणि सूज वाढली, तर कळवायला हवे.

दाढेखेरीज इतर वाटांनीही मानेत पू होतो. आपल्या किनारपट्टीवर मासळीचा काटा ही नेहमीची गोष्ट आहे. कवळीने टाळू झाकलेली असल्यामुळे वृद्धांना काटा तोंडात जाणवत नाही. तो घशात रुततो. मग भाताचा सुका गोळा किंवा केळे गिळायला लावतात. काटा कधी निसटतो, पण कधी अधिक खोल ढकलला जातो आणि घशाची भिंत भेदून मागच्या फटीत जंतू पोहोचवतो. काटा अडकल्याची भावना दुसऱ्या दिवशीही राहिली, तर दुर्बिणीने पाहून घ्यावे. ‘‘एक्स-रेत काही दिसत नाही’’ याने समाधान मानू नये. पुष्कळ काटे एक्स-रेत उमटत नाहीत.

कानाखालच्या लाळग्रंथीची गोष्ट निराळी. पहिला थर तिच्याभोवती दुपदरी होऊन घट्ट कप्पा करतो, म्हणून ती थोडी जरी सुजली तरी वेदना असह्य होते. गालगुंडाचा अनुभव घेतलेल्यांना हे ठाऊक आहे. उतारवयात मात्र पाणी कमी पिणे, तोंड कोरडे करणारी औषधे आणि तोंडाची अस्वच्छता यांमुळे लाळ आटते आणि तोंडातले जंतू उलट ग्रंथीत चढतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड १८८१ मध्ये गोळी लागून अडीच महिने झुंजत होते. त्या काळात त्यांच्या याच ग्रंथीत पू झाला होता. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचा गाल कानाच्या पुढे सुजला, तर आधी किती पाणी पोटात जाते आहे ते मोजा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दिवसातून दोनदा ओल्या कापसाने तोंड पुसणे, हिरड्या स्वच्छ करणे हे काम कंटाळवाणे आहे, पण ते औषधापेक्षा स्वस्त पडते.

गंडमाळ हा शब्द आजीच्या तोंडी असे. क्षयरोगामुळे मानेत येणाऱ्या गाठींचे ते नाव. या गाठी बहुधा पहिल्या थराच्या आत असतात. आतल्या आत विरघळून त्यांचा पू झाला की तो दुखत नाही, गरम लागत नाही. म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. कालांतराने हा पू प्रावरणीला लहानसे भोक पाडून कातडीखाली येतो. जुन्या सदऱ्यांना सोन्याची बुतामे असत, दोन चकत्या आणि मधे बारीक दांडी. येथेही तसेच घडते. एक साठा आत, एक बाहेर, मधे अरुंद भोक. बाहेरचा साठा तेवढा कापला तर आतला झिरपत राहतो आणि ती जखम महिनोन्‌महिने वाहते. असे वाहणारे छिद्र घेऊन गावोगाव फिरलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना मलमपट्टीपेक्षा क्षयरोगाच्या औषधांची गरज होती, आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. क्षयरोग मानेच्या मणक्यातच असेल तर पू तिसऱ्या थराच्या मागे साठतो. तो मानेच्या बाजूला वा काखेत गाठ होऊन डोकावतो, आणि मूळ रोग मात्र मणक्यात असतो. मान दुखणे, ती हाताने सावरून धरावीशी वाटणे, हातांना मुंग्या, अशा तक्रारींसोबत मानेत न दुखणारी गाठ असली, तर मालिशवाल्याकडे जाण्यापूर्वी तपासणी हवी. तसेही सत्तरीच्या माणसाने केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेऊ नये; त्या झटक्याने मानेतील धमनी क्वचित फाटते आणि पक्षाघात होतो.

तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्या व्यक्तीच्या मानेत न दुखणारी, टणक, हळूहळू वाढणारी गाठ आली, तर ती तोंडातील किंवा घशातील कर्करोगाची पसरलेली गाठ असू शकते. तीन आठवड्यांहून अधिक राहिलेल्या गाठीला मी गाठच समजतो, सूज नव्हे. या आजारात मानेतील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेच्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मांडली. पुढे तिच्या रूढ झालेल्या रूपात बाजूचा मोठा स्नायू, मोठी नीला आणि खांदा उचलणारी नसही काढली जाई. अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ मध्ये वेगळा विचार पुढे आणला. गाठी पापुद्र्यांच्या कप्प्यांत असतात, स्नायू आणि नीला त्यांच्या गवसणीत. तर पापुद्रे सोलून गाठींसकट काढावेत आणि आतले अवयव जागी ठेवावेत. संत्र्याच्या फोडीसारखाच हा हिशेब. आज मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर मानेची शस्त्रक्रिया होते, तेव्हा शक्य तेथे या नसा आणि स्नायू वाचवले जातात.

तरीही खांद्याची ती नस हाताळली गेल्यामुळे काही महिने दुबळी राहू शकते. हात डोक्यापर्यंत नेता येत नाही, खांदा उतरतो, वेणी घालणे किंवा सदरा अंगात चढवणे जड जाते. रुग्ण बोलत नाही, कारण कर्करोगापुढे त्याला ही तक्रार क्षुल्लक वाटते. अशा वेळी शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली की व्यायामोपचारतज्ज्ञांना दाखवून खांद्याची हालचाल सुरू करावी. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत जायची, जेथवर हात पोहोचला तेथे पेन्सिलीने खूण करायची, आणि खूण केलेली तारीख तिच्याशेजारी लिहायची. सदरा घालताना आधी दुबळ्या बाजूची बाही चढवावी, काढताना ती शेवटी काढावी.